वलय मोठं म्हणजे यीस्ट जास्त घातक का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका पदव्युत्तर विद्यार्थ्याने प्रबंधासाठी दोन गटांतून कॅन्डिडा (माणसाच्या तोंडात, आतड्यात राहणारं आणि कधी रोग करणारं यीस्ट) गोळा केलं: एक गट रुग्णांच्या रक्तातून वाढलेल्या नमुन्यांचा, दुसरा निरोगी माणसांच्या तोंडातून घेतलेल्या नमुन्यांचा. सगळ्यांची फॉस्फोलायपेज (मेद तोडणारं एन्झाइम) आणि प्रोटिनेज (प्रथिनं तोडणारं एन्झाइम) चाचणी प्लेटवर केली. एन्झाइम सुटलं की कॉलनीभोवती वलय दिसतं. रक्तातल्या यीस्टची वलयं मोठी येतील अशी अपेक्षा होती, आली तोंडातल्यांची. मार्गदर्शक म्हणतात प्रयोग चुकला, पुन्हा करा. विद्यार्थी विचारतो: खरंच चुकला का? आणि चुकला नसेल, तर घातक यीस्ट ओळखायचं कशावरून?

मी बरीच वर्षं निदान प्रयोगशाळेत बुरशीजन्य संसर्गांचं काम पाहते. असे निकाल येतात, आणि ते फेकून देण्यासारखे नसतात. पण तुमच्या प्रश्नात तीन वेगळे प्रश्न गुंतले आहेत: चाचणी नीट वाचली गेली का, तुलना योग्य गटांमध्ये झाली का, आणि प्लेटवर दिसणारं एन्झाइम म्हणजेच रोगकारक क्षमता का. पहिले दोन सुटल्याशिवाय तिसऱ्याला हात घालू नका. पुष्कळदा सगळा गोंधळ पहिल्या दोनांतच मिटतो.

तुम्ही एका ओळीत लिहिता की तोंडातल्या नमुन्यांची वलयं मोठी होती, आणि पुढच्याच ओळीत की त्यांची पीझेड जास्त आली. इथे थांबा. पीझेड म्हणजे कॉलनीचा व्यास भागिले कॉलनी आणि वलय मिळून होणारा व्यास. एन्झाइम नसेल तर वलय नाही, म्हणून पीझेड १. आकडा जितका खाली, तितकी सक्रियता जास्त. १९८२ साली ही पद्धत आली तेव्हापासून हा उलटा आकडा नवख्यांना चकवतो.

तरीही तुमची दोन्ही विधानं एकाच वेळी खरी असू शकतात, आणि मला तिथेच खरा सुगावा दिसतो. समजा एक कॉलनी १४ मिमी आहे आणि वलयासकट १८ मिमी. वलयाची कड २ मिमी, पीझेड ०.७८. दुसरी कॉलनी ६ मिमी, वलयासकट ९ मिमी. कड दीड मिमी, पीझेड ०.६७. डोळ्यांना पहिलं वलय मोठं दिसतं, आकडा मात्र दुसरीला जास्त सक्रिय ठरवतो. एकाच दिवशी लावलेल्या कॉलन्यांच्या आकारात एवढा फरक पडला, तर बहुधा थेंबात पेशी कमी-जास्त पडलेल्या असतात, किंवा काही नमुने मुळात हळू वाढणारे असतात. म्हणून तुमच्या वहीतले मूळ व्यास बाहेर काढा. नुसत्या पीझेडच्या रकान्यावरून मी काहीच सांगू शकत नाही.

चाचणी पुन्हा करायचीच असेल तर अशी करा. रात्रभर वाढवलेलं यीस्ट धुवून घ्या, पेशी मोजा, सगळ्यांची संख्या सारखी करा आणि ठरावीक आकारमानाचा थेंब प्लेटवर सोडा. लूपने (तारेच्या कडीने) ठिपका देऊ नका. अंड्याच्या बलकाच्या आगरमध्ये १ मोलर मीठ, ५ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड आणि ८ टक्के निर्जंतुक बलक असतो. सुटलेली मेदाम्लं कॅल्शियमशी जोडली जाऊन जो पांढरट साका बसतो, तेच वलय. म्हणजे लायपेजही त्यात भर घालू शकतं. या चाचणीला 'फॉस्फोलायपेज' म्हणण्याची रीत पडली आहे, पण प्रबंधात ही मर्यादा लिहा. प्रत्येक बॅचला एससी-५३१४ सारखा माहितीचा स्ट्रेन (वाण) सोबत लावा, प्रत्येक नमुना तीनदा लावा, आणि मोजणाऱ्याला नमुना कोणत्या गटातला आहे हे कळू देऊ नका. शेवटची अट सगळ्यात जास्त वेळा मोडली जाते.

प्रोटिनेजच्या प्लेटचं वेगळंच आहे. कॅन्डिडाची स्रवणारी प्रोटिनेजं, म्हणजे सॅप, आम्लधर्मी माध्यमात काम करतात, आणि या प्लेटवर नायट्रोजनचा दुसरा सोपा स्रोत नसेल तरच यीस्ट ती बनवतं. माध्यमात चुकून पेप्टोन (अर्धपचित प्रथिन) गेलं किंवा पीएच वर सरकला, की वलय गायब. तिथे 'निगेटिव्ह' आलेला नमुना एन्झाइमशून्य आहे असं मी कधीच लिहीत नाही. शिवाय अल्बिकान्स या कॅन्डिडाच्या सगळ्यात नेहमीच्या प्रजातीत सॅपची १० जनुकं आहेत आणि या प्लेटवर दिसते ती मुख्यतः सॅप-२ ची करामत. सॅप-४ ते ६ यीस्टला तंतू फुटल्यावर, उदासीन पीएचला व्यक्त होतात. तुमची प्लेट त्यांच्याबद्दल जवळपास मुकी आहे.

आता गट. तुम्ही सगळीकडे 'कॅन्डिडा' लिहिलं आहे, प्रजाती कुठेच नाही. माझा सगळ्यात जास्त संशय इथे आहे. निरोगी तोंडात बहुतांशी अल्बिकान्सच सापडतं. रक्तातून येणाऱ्या नमुन्यांत अल्बिकान्सबरोबर ग्लॅब्राटा, पॅराप्सिलोसिस, ट्रॉपिकॅलिस आणि अलीकडे ऑरिस अशी मिसळ असते. बलकाच्या आगरवर ठळक वलय देणारं यीस्ट म्हणजे प्रामुख्याने अल्बिकान्स. इतर प्रजातींत ते क्षीण असतं किंवा नसतंच. तेव्हा एका बाजूला जवळजवळ शुद्ध अल्बिकान्स आणि दुसऱ्या बाजूला मिसळ ठेवली, तर तोंडाचा गट जिंकणारच. तो निकाल प्रजातींतल्या फरकाचा असेल, रक्त आणि तोंड यांच्यातल्या फरकाचा नव्हे. फक्त अल्बिकान्स घेऊन आकडे पुन्हा मांडा. जर्म ट्यूब चाचणीवर (सीरममध्ये यीस्टला नळी फुटते का ते पाहणं) एकट्या विसंबू नका, कारण डब्लिनिएन्सिस या जवळच्या प्रजातीलाही जर्म ट्यूब येते. प्रजाती ओळखायला माल्डी-टॉफ (प्रथिनांच्या वजनांवरून) किंवा आयटीएस सिक्वेन्सिंग (डीएनएवरून) मिळालं तर उत्तम.

एक गोष्ट तुमच्या आणि तुमच्या मार्गदर्शकांच्या बाजूने सांगायला हवी. तुमची अपेक्षा हवेतून आलेली नाही. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अल्बिकान्सचे रक्तातले नमुने आणि निरोगी माणसांच्या तोंडातले नमुने यांची तुलना झाली होती, आणि रक्तातल्यांचं फॉस्फोलायपेज जास्त भरलं होतं. पुढे फॉस्फोलायपेज बी-१ चं जनुक काढलेलं यीस्ट उंदरांत सौम्य ठरलं. म्हणजे या एन्झाइमचा रोगाशी संबंध आहे. पण 'संबंध आहे' आणि 'वलय मोजून घातकता कळते' यांत मोठं अंतर आहे.

ते अंतर समजून घ्यायला व्हिर्युलन्स फॅक्टर, म्हणजे जंतूला घातक बनवणारा घटक, कशाला म्हणायचं ते पाहू. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ स्टॅन्ली फॉल्को यांनी १९८८ मध्ये कॉखच्या गृहीतकांना (अमुक जंतूच अमुक रोग करतो हे सिद्ध करण्याच्या निकषांना) जनुकांच्या पातळीवर आणलं. त्यांचा आग्रह असा: तो गुण रोगकारक वाणांत दिसावा, त्याचं जनुक बंद केलं की रोग करण्याची क्षमता मोजता येईल इतकी घटावी, आणि जनुक परत दिलं की ती परत यावी. तुमच्या प्लेटने यातला पहिलाच भाग तपासला आहे, तोही अर्धवट.

दुसरा भाग किती फसवा असतो, ते सॅपच्या कथेत दिसतं. १९९० च्या दशकात सॅप जनुकं काढलेले म्युटंट (जनुक बदललेले वाण) उंदरांत सौम्य निघाले आणि सॅप हे कॅन्डिडाचं प्रमुख हत्यार म्हणून पाठ्यपुस्तकांत बसलं. पण त्या काळी म्युटंट बनवताना यूआरए-३ हे खुणेचं जनुक वापरत, आणि ते जीनोममध्ये कुठे बसतं यावर यीस्टची ताकद बदलते हे नंतर लक्षात आलं. ती त्रुटी टाळून बनवलेल्या म्युटंटांनी सॅप-१ ते ६ नसतानाही प्रयोगशाळेतल्या एपिथेलियममध्ये (अवयवांवरच्या पेशींच्या अस्तरात) शिरकाव केला, आणि उंदरांतल्या रक्तसंसर्गातही सॅपचा वाटा मर्यादितच दिसला. त्यामुळे प्रोटिनेजच्या वलयावर मी आता फार वजन टाकत नाही. तुमच्या प्रबंधाच्या चर्चेत हा इतिहास यायलाच हवा. तो वगळून 'सॅप हा प्रमुख व्हिर्युलन्स फॅक्टर आहे' असं लिहिणारे पुष्कळ प्रबंध मी तपासले आहेत.

मग अल्बिकान्समध्ये पुरावा कशाचा भक्कम आहे? तंतू फुटण्याचा. जर्म ट्यूब चाचणी तुम्ही शेकडो वेळा केली असेल: सीरममध्ये ३७ अंशांना यीस्ट ठेवायचं आणि दोन-तीन तासांनी मायक्रोस्कोपखाली पाहायचं. गोल पेशीतून एक सरळ नळी निघालेली असते, आणि मुळाशी ती आवळलेली नसते. आवळलेली असेल तर तो खोटा तंतू. ही साधी चाचणी म्हणजे रोगाची पहिली पायरी तुमच्या डोळ्यांसमोर घडणं आहे. १९९७ साली ईएफजी-१ आणि सीपीएच-१ ही दोन्ही नियंत्रक जनुकं काढलेलं अल्बिकान्स तंतू करू शकलं नाही आणि उंदरांना मारूही शकलं नाही.

पण तंतू म्हणजे नुसता आकार नव्हे, आणि या विषयातला मला सगळ्यात सुंदर वाटणारा भाग हाच आहे. तंतूबरोबर जनुकांचा एक अख्खा संच चालू होतो. एचडब्ल्यूपी-१ हे प्रथिन आपल्याच पेशींच्या ट्रान्सग्लुटामिनेज एन्झाइमकडून स्वतःला आपल्या एपिथेलियमशी पक्कं जोडून घेतं. एएलएस-३ हे दुसरं प्रथिन पेशीवरच्या ई-कॅडहेरिन या प्रथिनाला धरतं आणि पेशीला भुलवून यीस्टला आत ओढायला लावतं. हेच एएलएस-३ फेरिटिनमधलं लोह मिळवायलाही उपयोगी पडतं. आणि ईसीई-१. हे जनुक तंतूबरोबर जोरात व्यक्त होतं हे १९९० च्या दशकापासून माहीत होतं, पण ते करतं काय याचं उत्तर २०१६ मध्ये मिळालं. त्याचं प्रथिन केईएक्स-२ एन्झाइम तुकड्यांत कापतं, आणि त्यातला एक ३१ अमिनो आम्लांचा तुकडा यजमान पेशीच्या पटलाला भोकं पाडतो. त्याला कॅन्डिडालायसिन म्हणतात. ईसीई-१ काढलेलं यीस्ट व्यवस्थित तंतू करतं, ऊतीत घुसतंही, पण इजा जवळजवळ करत नाही. चिकटणं, घुसणं आणि इजा करणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या एका म्युटंटने दाखवून दिलं.

आता याच्या उलट बाजूला या. आतड्यात सुखाने राहणाऱ्या अल्बिकान्सला हे सगळं नकोसं असतं. उंदरांच्या आतड्यात तंतूंकडे ढकलणारी काही जनुकं काढून टाकली, तर यीस्ट तिथे मूळ वाणापेक्षा चांगलं टिकतं. म्हणजे रक्तात किंवा ऊतीत जे हत्यार, तेच शांत वस्तीत ओझं. रक्तात सापडलेलं अल्बिकान्स पुष्कळदा रुग्णाच्या स्वतःच्याच आतड्यातलं असतं. तिथे ते निवडलं गेलं टिकून राहण्यासाठी. रक्तात ते पोचलं, कारण भिंतीला वाट मिळाली. मग ते तोंडातल्या यीस्टपेक्षा जास्त उग्र असावंच, ही अपेक्षा कोणत्या तर्कावर उभी आहे?

वाट कशी मिळते हे वॉर्डात रोज दिसतं. व्यापक प्रतिजैविकांनी आतड्यातले जिवाणू हटतात आणि यीस्ट वाढतं. पोटाच्या शस्त्रक्रियेत किंवा केमोथेरपीत आतड्याचं अस्तर तुटतं. न्यूट्रोफिल (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) खाली गेलेले असतात. मध्यवर्ती शिरेत नळी असते आणि नळीवर बायोफिल्म (यीस्टचा चिकट थर) धरतं. या बायोफिल्मचा बीटा ग्लुकानने (साखरेच्या लांब साखळीने) भरलेला गर अ‍ॅझोल या बुरशीविरोधी औषधांना आतल्या पेशींपर्यंत नीट पोचू देत नाही. पॅराप्सिलोसिसच्या बाबतीत तर हीच मुख्य कथा आहे: हातांवरून नळीवर, नळीवरून रक्तात, विशेषतः नवजात अर्भकांत आणि शिरेतून पोषण चालू असलेल्या रुग्णांत.

कासादेव्हाल आणि पिरोफ्स्की या संशोधकांनी १९९९ मध्ये मांडलेली चौकट इथे फार उपयोगी पडते. ते म्हणतात, रोग म्हणजे यजमानाला झालेली इजा, आणि ती सूक्ष्मजीव व यजमानाचा प्रतिसाद या दोघांच्या गाठीभेटीतून होते. प्रतिसाद फार कमी असला तरी इजा, फार जास्त असला तरी इजा. कॅन्डिडामध्ये दोन्ही टोकं दिसतात. न्यूट्रोफिल नसलेल्या रुग्णात यीस्ट मोकाट सुटतं. योनिमार्गातल्या संसर्गात उलट न्यूट्रोफिल भरभरून येतात, यीस्ट काही साफ करत नाहीत, आणि खाज व जळजळ मुख्यतः त्या दाहाची असते. एकाच वाणाच्या यीस्टला तुम्ही या दोन ठिकाणी कोणता एक आकडा देणार?

ग्लॅब्राटा पाहिलं की हा मुद्दा आणखी पक्का होतो. ते बेकरीच्या यीस्टचं जवळचं नातेवाईक आहे, खरे तंतू करत नाही आणि ऊती फाडत नाही. पण ईपीए कुटुंबातल्या चिकट प्रथिनांनी घट्ट बसतं, मॅक्रोफेजने (जंतू गिळणाऱ्या पेशीने) गिळलं तरी आत जिवंत राहून वाढतं, आणि फ्लुकोनाझोल या नेहमीच्या अ‍ॅझोलला सहज दाद देत नाही. तुमच्या दोन्ही प्लेटवर ते मवाळ ठरेल. रुग्णासाठी ते मवाळ नसतं. ऑरिसचंही तसंच. २००९ मध्ये एका जपानी रुग्णाच्या कानातून त्याचं प्रथम वर्णन झालं. त्याची ताकद त्वचेवर आणि पृष्ठभागांवर टिकण्यात, ४२ अंशांनाही वाढण्यात आणि अनेक औषधांना पुरून उरण्यात आहे. औषधरोध आणि व्हिर्युलन्स या वेगळ्या गोष्टी आहेत. प्रबंधात त्यांचे रकाने वेगळे ठेवा, दोन्हींमुळे रुग्ण दगावत असले तरी.

कॅन्डिडाबाहेरचं एक उदाहरण घेते, कारण तिथे चित्र जास्त स्वच्छ आहे. क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स या मेंदूज्वर करणाऱ्या यीस्टला तीन गोष्टी लागतात: कॅप्सूल, मेलानिन आणि ३७ अंशांना वाढ. मेंदूच्या पाण्यात इंडिया इंक मिसळली की काळ्या पार्श्वभूमीवर पेशीभोवती जे पारदर्शक कडं दिसतं, ती कॅप्सूल. ती गिळलं जाणं टाळते, आणि तिचं पॉलिसॅकराइड सुटून रक्तात व मेंदूच्या पाण्यात फिरतं, म्हणून अँटिजेन चाचणी जमते. १९९४ मध्ये सीएपी-५९ जनुक काढल्यावर कॅप्सूल गेली आणि उंदरांतली घातकताही गेली. जनुक परत दिल्यावर दोन्ही परतले. फॉल्कोंचे निकष असे पूर्ण व्हावे लागतात. कारळ्याच्या बियांच्या आगरवर याच यीस्टच्या कॉलन्या तपकिरी होतात, ते लॅकेज या एन्झाइमने बनवलेलं मेलानिन. याच कुळातल्या इतर काही प्रजातींनाही कॅप्सूल असते, पण ३७ अंशांना त्या नीट वाढत नाहीत आणि माणसाला क्वचितच आजारी पाडतात. एकटा घटक काही करत नाही, संच जुळावा लागतो. आणि हे यीस्ट माणसासाठी घडलेलं नाहीच. ते मातीत आणि पक्ष्यांच्या विष्ठेत राहतं, जिथे अमिबा त्याला खायला टपलेला असतो. अमिबातून वाचवणारे गुणच मॅक्रोफेजमध्ये उपयोगी पडतात, हे २००१ च्या प्रयोगांतून दिसलं.

आता तुमच्या प्रबंधाचं काय करायचं? हे तुमच्याकडे वेळ, यीस्टचा साठा आणि सोयी किती आहेत यावर अवलंबून आहे. फक्त प्लेट करणं शक्य असेल, तर प्रजाती वेगळ्या करा, मूळ व्यास छापा, आणि शीर्षकात 'व्हिर्युलन्स' ऐवजी 'एन्झाइम सक्रियता' लिहा. त्याने काम कमी होत नाही, खरं होतं. थोडी सोय असेल तर बायोफिल्म आणि जर्म ट्यूबचा वेग मोजा. गॅलेरिया या पतंगाच्या अळ्या (संसर्गाच्या प्रयोगांसाठी वापरतात) मिळत असतील तर त्या ३७ अंशांना ठेवता येतात, आणि प्लेटपेक्षा त्या बरंच काही सांगतात. फक्त टोचण्याआधी पेशी काळजीपूर्वक मोजा, नाहीतर तुम्ही वाणांची नव्हे, डोसांची तुलना कराल. फ्रीजरमधले नमुने किती वेळा सबकल्चर (नव्या माध्यमावर पुन्हा वाढवणं) झालेत तेही नोंदवा. वारंवार सबकल्चर केल्याने गुण बदलू शकतात, आणि तुमचे रक्तातले नमुने बहुधा जास्त जुने असतील.

आणि शक्य असेल तर गटच बदला. निरोगी माणसांचं तोंड विरुद्ध रुग्णांचं रक्त, या तुलनेत माणसंही वेगळी आणि वाणही वेगळे. त्याऐवजी एकाच रुग्णाच्या रक्तातला नमुना आणि त्याच्याच तोंडातला किंवा गुदद्वारातला नमुना घ्या, सात जनुकांच्या एमएलएसटीने (जनुकांचे क्रम ताडून वाण ओळखण्याच्या पद्धतीने) ते एकच वाण आहेत का पाहा, आणि मग त्यांची वलयं शेजारी ठेवा. नैतिक समितीची परवानगी लागेल, नमुने कमी मिळतील. पण एकाच वाणाची दोन वलयं सारखी आली, तर रक्तात जाण्याचं कारण यीस्टबाहेर शोधायला तुमच्याकडे पुरावा असेल.

मार्गदर्शकांना हे सांगताना निकालाच्या बचावाने सुरुवात करू नका. मूळ व्यास आणि प्रजातींची यादी समोर ठेवा, आणि फक्त अल्बिकान्सचा तक्ता वेगळा काढून दाखवा. त्यात फरक उरला नाही तर उत्तर तिथेच मिळालं. उरला, तर प्रयोग पुन्हा करायला ते म्हणतात ते बरोबर आहे, पण आकडे बदलावेत म्हणून नव्हे, सारख्या पेशीसंख्येने आणि गट न कळता मोजून ते टिकतात का हे पाहण्यासाठी.

वलयाचा आकडा रुग्णाच्या रिपोर्टवर मात्र कधी लिहू नका. रक्तात कॅन्डिडा वाढलं की ते दूषण समजायचं नाही, प्रजाती कोणतीही असो आणि वलय असो वा नसो. उपचार सुरू करायचे, नळी काढता येत असेल तर काढायची, डोळे तपासून घ्यायचे, रक्ताचं कल्चर निगेटिव्ह येईपर्यंत पुन्हा पाठवत राहायचं, आणि संसर्ग दुसरीकडे पसरलेला नसेल तर पहिल्या निगेटिव्ह कल्चरपासून पुढे १४ दिवस औषध चालू ठेवायचं.